पडद्यावरचा शेजारी

भूगोल-इतिहासाच्या तासाला फळ्यावर नकाशा टांगला की निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो, हा आम्हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. त्याच वर्गात सात-आठ मिनिटांची एखादी चित्रफीत लावा, सर्वांचे डोळे पडद्याला खिळतात. आता तर पडदाही लागत नाही, प्रत्येक घरात मोबाईल आहे. साहजिकच पालक आम्हांला विचारतात, "गुरुजी, मुले पाहतात पुष्कळ, पण त्यातून शिकतात काय?" हा प्रश्न आजचा नाही, चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे. त्याचा इतिहास उद्‌बोधक असल्यामुळे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे तो थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी आपली हलती चित्रे लोकांना दाखविली. पुढे सातच महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविण्यात आली. या नवलाने भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी वाटाण्याचा दाणा रुजून त्याचे रोप कसे होते, याचा एक चिमुकला पट तयार केला होता. महिनाभराची वाढ मिनिटभरात डोळ्यांपुढे उभी राहिली! आपल्याकडील शैक्षणिक लघुपटाचा हा ओनामाच म्हटला पाहिजे. तिकडे अमेरिकेत थॉमस एडिसनने १९१३ साली असे भाकीत केले की लवकरच शाळांतील पुस्तके बाद होतील आणि सर्व ज्ञान चित्रपटातून देता येईल. पुस्तके बाद झाली नाहीत, हे आपण पाहतोच. एडिसनचे कोठे चुकले, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दूरदेशीच्या लोकांचे जीवन दाखविणाऱ्या पटांत रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ सालचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' फार गाजला. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील एका शिकाऱ्याची ही कथा. या लोकांना पूर्वी एस्किमो म्हणत, आज ते स्वतःला इन्युइट म्हणवितात. जगभरच्या लोकांनी हा पट पाहिला आणि एस्किमो म्हणजे असाच, अशी समजूत करून घेतली. प्रत्यक्षात त्या शिकाऱ्याचे खरे नाव नानूक नव्हते. त्या काळी त्याचे लोक बंदूक वापरीत असत, तरी कॅमेऱ्यासाठी जुन्या पद्धतीचा भाला हाती घेण्यात आला. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून आतल्या दृश्यासाठी एका बाजूने उघडे असे घर मुद्दाम बांधावे लागले. फ्लाहर्टींचे त्या माणसांवर प्रेम होते, यात संशय नाही. परंतु पडद्यावर दिसते ते कोणीतरी निवडलेले असते, हा धडा येथे मिळतो.

याच इन्युइटांच्या एका शाखेवरून समाजशास्त्र शिकविण्याचा एक मोठा प्रयोग पुढे अमेरिकेत झाला. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपल्या शाळा मागे पडल्या असे अमेरिकेला वाटू लागले. सरकारी पैशातून नवे अभ्यासक्रम तयार होऊ लागले. त्यांपैकी दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे मार्गदर्शक होते विख्यात मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर. त्याचे नाव 'मॅन : अ कोर्स ऑफ स्टडी'. राजे, लढाया, राजधान्या यांची यादी त्यात नव्हती. माणसाचे माणूसपण कशात आहे, ते त्याला कसे लाभले आणि ते वाढविता कसे येईल, या तीन प्रश्नांभोवती सारा अभ्यासक्रम गुंफलेला होता. मुले प्रथम सॅमन मासा, समुद्रपक्षी आणि बबून माकडे यांचे जीवन पाहत आणि मग नेत्सिलिक इन्युइट कुटुंबाकडे वळत.

यासाठी मानववंशशास्त्रज्ञ आसेन बालिक्सी यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ ते १९६५ या काळात कॅनडातील पेली बे येथे चित्रण झाले. तोवर तेथे बंदूक आणि मिशनरी दोन्ही पोहोचले होते. म्हणून वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असलेले जुने जीवन तेथील कुटुंबांनी कॅमेऱ्यापुढे पुन्हा जगून दाखविले. काळ धरला होता साधारण १९१९ चा. जुने दिवस पुन्हा उभे केले आहेत, ही गोष्ट येथे लपविलेली नव्हती. अर्ध्या अर्ध्या तासाचे एकवीस भाग तयार झाले. नदीत दगडांचा बांध घालून मासे पकडणे, कॅरिबू हरणांची शिकार, बर्फाचे घर बांधणे, गोठलेल्या समुद्रावर सीलच्या श्वासाच्या छिद्रापाशी तासन्‌तास निश्चल उभे राहणे, हे सारे त्यांत आहे.

या पटांचे वैशिष्ट्य असे की त्यांत निवेदन नाही. वाऱ्याचा आवाज, कुत्र्यांचे भुंकणे, माणसांचे बोलणे, एवढेच ऐकू येते. "हे पाहा, हे असे करतात," असे सांगणारा कोणी नाही. त्यामुळे मुलांना स्वतःच विचारावे लागते : हा माणूस काय करतो आहे? का करतो आहे? उत्तरासाठी जोडीला पुस्तिका होत्या, नकाशे होते, सीलच्या शिकारीचा एक खेळ होता आणि मुख्य म्हणजे शिक्षक होता. शिक्षकांना यासाठी खास प्रशिक्षण दिले जाई. लघुपट हा धडा नव्हता, धड्याची सुरुवात होती.

पुढे या अभ्यासक्रमावर वादळ उठले. उपासमारीच्या काळात नेत्सिलिकांना वृद्धांना मागे सोडून जावे लागे, नवजात मुलींना जगवता येत नसे, असे कठोर उल्लेख त्यात होते. १९७० साली फ्लोरिडातील लेक सिटी येथे पालकांनी आक्षेप घेतला. १९७५ मध्ये प्रकरण अमेरिकन काँग्रेसमध्ये पोहोचले. मुलांच्या मनातील धर्म व कुटुंब यांविषयीची श्रद्धा यामुळे ढळेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. अखेर सरकारी साहाय्य थांबले आणि हा अभ्यासक्रम हळूहळू मागे पडला. पालकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, आपल्या मुलांना काय दाखविले जाते हे विचारण्याचा त्यांना हक्कच होता. परंतु पडदा बंद केल्याने शंका मिटत नाही, ती फक्त वर्गाबाहेर जाते. पालकांनी मुलांशेजारी बसून तो पट पाहिला असता, तर कदाचित निराळे घडले असते.

आपल्या देशात याच सुमारास एक प्रचंड प्रयोग चालू होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेकडून उसना घेतलेला एटीएस-६ हा उपग्रह वापरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. यालाच 'साईट' प्रयोग म्हणतात. सकाळी शाळेच्या मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे. ज्या गावात वीजही नवलाची होती, तेथे मुले जमिनीवर बसून जग पाहू लागली. प्रयोगानंतर पाहणी झाली तेव्हा मुलांची भाषा व जिज्ञासा वाढल्याचे दिसले, परंतु परीक्षेतील प्रगतीत तसा मोठा फरक दिसला नाही. पडदा कुतूहल जागे करतो. त्या कुतूहलाचे ज्ञान करण्यास माणूस लागतो. महाराष्ट्रात १९८४ पासून पुण्याच्या बालचित्रवाणीने मराठीतून शेकडो कार्यक्रम केले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. आज पाठ्यपुस्तकातील चौकोनी खुणेवर मोबाईल धरला की चित्रफीत सुरू होते. साधने बदलली, प्रश्न मात्र तोच राहिला.

आता एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी सहावीच्या वर्गाला वाळवंटातील भटक्या लोकांवरची एक चित्रफीत दाखविली. संपल्यावर विचारले, "काय समजले?" एका मुलाने उत्तर दिले, "सर, ते लोक मागासलेले आहेत." वर्गाने माना डोलविल्या. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. मी चित्रफीत लावली आणि हजेरीपट भरीत बसलो होतो.

पुढच्या वर्षी नेत्सिलिकांच्या पटातील एक तुकडा दाखविला. या वेळी मध्येच थांबवीत, विचारीत गेलो. सील मारल्यावर त्याचे ठरलेले भाग ठरलेल्या भागीदारांना जातात, शिकार कोणाचीही असो, असा त्यांचा रिवाज आहे. "असे का करीत असतील?" मी विचारले. वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आज याला सील मिळाला, उद्या त्याला मिळेल. वाटून खाल्ले तर कोणीच उपाशी राहणार नाही." दुसरा म्हणाला, "आपण कुर्बानीचे तीन हिस्से करतो, तसेच की!" कारणे वेगळी आहेत, आपल्याकडे तो इबादतीचा भाग आहे, हे मी समजावून दिले. पण त्या दिवशी बर्फातला तो माणूस मुलांना मागासलेला वाटला नाही. तो त्यांचा शेजारी झाला होता.

या विषयाकडे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, त्याला कारण आहे. आपणही कोणाच्या तरी पडद्यावर असतो. एका आंतरशालेय कार्यक्रमात दुसऱ्या शाळेच्या मुलाने आमच्या विद्यार्थ्याला निरागसपणे विचारले, "तुमच्या घरी उंट आहे का?" मुसलमान म्हणजे वाळू, तंबू आणि उंट, एवढेच त्याने पाहिले होते. आमचा विद्यार्थी कोकणातला. त्याच्या घरी होडी होती, भाताचे खाचर होते, आंब्याची चार कलमे होती. तो हसला आणि म्हणाला, "उंट नाही, होडी आहे. बसायला ये." मला त्याचा अभिमान वाटला. आपल्याविषयी कोणी अर्धवट चित्र पाहून मत बनवू नये असे वाटत असेल, तर दुसऱ्याविषयी आपणही तसे मत बनविता कामा नये. सूरह अल-हुजुरातमध्ये माणसांच्या निरनिराळ्या जमाती असण्याचा हेतू परस्परांची ओळख हा सांगितला आहे. ओळख म्हणजे नुसते पाहणे नव्हे.

तेव्हा पालकांना नम्र विनंती की मुलाच्या हाती मोबाईल देऊन बाजूला होऊ नका. दिवसातून दहा मिनिटे त्याच्याशेजारी बसा. चित्रफीत संपल्यावर तीनच गोष्टी विचारा : ही कोणी तयार केली? यात काय दाखविले नाही? हे लोक असे का वागतात? उत्तर तुम्हांला ठाऊक नसले तरी हरकत नाही, दोघे मिळून शोधा. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हाती कॅमेराही आहे. आपल्या आजीचे बोलणे, गावची बंदरावरची सकाळ, ईदच्या दिवशीची आपली गल्ली यांचे पाच मिनिटांचे चित्रण करा. पेली बेच्या लोकांना आज आपल्या पूर्वजांची कौशल्ये त्या जुन्या पटांत पाहावयास मिळतात. ते पट बाहेरच्यांनी घेतले होते. आपले चित्र आपण घेतले, तर उद्याच्या वर्गात कोणाला उंटाचा प्रश्न विचारावा लागणार नाही, इन्शाअल्लाह.