बरे होण्यापलीकडचा व्यायाम

अमरावतीत व्यायाम म्हटले की १९१४ साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. हा व्यायाम बलोपासनेचा. आजारी शरीराला व्यायाम देण्याचे शास्त्रीय शिक्षण आपल्याकडे नंतर आले, आणि तेही पोलिओमुळे. १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, शिक्षण सुरू झाले. मूल चालू लागावे, हा त्यामागचा हेतू.

पण जे मूल बरे होणार नाही, त्याला व्यायाम कशाला? १९७० च्या आसपास न्यूयॉर्कचे डॉ. हर्बर्ट डीट्झ यांनी कर्करुग्णांच्या पुनर्वसनाचे चार हेतू मांडले. अपंगत्व टाळणे, गेलेली शक्ती परत मिळवणे आणि उरलेल्या शक्तीवर निभावणे हे तीन कुणालाही सुचतील. चौथा उपशामक : रोग वाढत असतानाही वेदना, आखडलेले सांधे, शय्याव्रण यांचा त्रास कमी करणे. आमच्या मते खरी उडी हीच. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातले पहिले शुश्रूषागृह निघाले ते १९८६ साली.

वऱ्हाडातल्या अंगणांत दिसणारी सदाफुली इथे आठवावी. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन १९६३ पासून मुलांच्या रक्तकर्करोगावर वापरतात. पेशी विभागताना ज्या सूक्ष्मनलिका लागतात, त्यांची बांधणीच ते रोखते. मात्र तशाच नलिकांवरून चेतातंतूंतही मालवाहतूक चालते. सर्वांत लांब तंतू पायाकडे जाणारे, म्हणून तेच आधी दुखावतात. पाऊल लोंबते, मूल अडखळते. औषध थांबल्यावर हे बहुधा हळूहळू सुधारते. तोवर घोट्याला आधार आणि रोज हलका ताण दिला नाही तर टाच वर ओढलेलीच राहण्याचा धोका असतो.

अकोल्याहून मुंबईचे टाटा रुग्णालय रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर. रोगावरचे उपचार थांबवून कुटुंब गावी परतले, की कूस बदलणे, उशांच्या आधाराने बसवणे, सांधे अलगद हलवणे हे सारे आईच्या हाती येते. हाडात रोग पसरला असेल किंवा रक्तपट्टिका घटल्या असतील, तर काय करू नये हे डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावे लागते. जोर लावणे तर नाहीच.

अशा मुलाला बरेचदा शाळेत यायचे असते. तळमजल्यावरचा वर्ग, पाठ टेकायला भिंत, बोटांत बळ नसेल तर जाड पेन्सिल आणि थकल्यावर घरी जायची मोकळीक एवढी सोय शाळेला करता येते.