हनी सिंग, यो यो : नागपुरातील गुन्हा आणि जाहीर मंचावरील पुनरागमन

हनी सिंग, यो यो : (१५ मार्च १९८३ – ). पंजाबी व हिंदी रॅप गायक, संगीतकार आणि ध्वनिमुद्रण-निर्माते. मूळ नाव हिरदेश सिंग. जन्म पंजाबातील होशियारपूरचा, वाढले दिल्लीत. नागपूर जिल्ह्याशी त्यांचा संबंध आला तो शहरातील पाचपावली पोलीस ठाण्यात अश्लील गाण्यांबद्दल दाखल झालेल्या गुन्ह्यामुळे. हा गुन्हा, जामिनाच्या अटी, आवाजाच्या नमुन्याचा आदेश आणि २०२५ मधील दहा शहरांचा दौरा यांवर या नोंदीचा मुख्य भर आहे. यातील आरोप हे आरोप म्हणूनच वाचावेत.

संगीत : ‘इंटरनॅशनल व्हिलेजर’ (२०११) या संग्रहाने नाव झाले. ‘कॉकटेल’ (२०१२) आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’ (२०१३) या चित्रपटांतील गाण्यांनी ते हिंदी पट्ट्यात घरोघर पोचले. बादशाह, रफ्तार आणि इक्का हे पुढे प्रसिद्धीस आलेले रॅपर सुरुवातीला त्यांच्या ‘माफिया मुंडीर’ या गटात होते.

पहिला वाद : १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत घडलेल्या सामूहिक बलात्कारानंतर त्यांच्या नावाने फिरणाऱ्या, बलात्काराची बढाई मारणाऱ्या एका जुन्या गाण्याविरुद्ध देशभर संताप उसळला. नववर्षाच्या पूर्वसंध्येला गुडगावच्या एका हॉटेलात ठरलेला त्यांचा कार्यक्रम रद्द झाला. ते गाणे आपण गायलेलेच नाही, असे हनी सिंग यांनी तेव्हापासून सातत्याने सांगितले आहे. गाणे कोणाचेही असो, त्यावरचा राग रास्त होता. आपल्याकडच्या खडी गंमत किंवा दंडार या लोकनाट्यप्रकारांत द्वयर्थी बोलणे भरपूर असते. पण त्यातल्या बाईलाही तोंड असते आणि ती उलट उत्तर देते. अत्याचाराच्या फुशारकीला लोककलेचा आधार देणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

नागपूर येथील गुन्हा : २०१४ च्या सुमारास शहरातील एका रहिवाशाने पाचपावली पोलिसांकडे तक्रार केली. अश्लील गाणी गाऊन ती इंटरनेटवर टाकल्याचा आरोप तीत होता. भारतीय दंड संहितेची कलमे २९२ व २९३ आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांखाली गुन्हा नोंदवला गेला. कलम २९२ अश्लील साहित्याची विक्री, वितरण व प्रदर्शन यांविषयी होते. पहिल्या दोषसिद्धीला कमाल दोन वर्षांचा कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. असे साहित्य वीस वर्षांखालील व्यक्तीच्या हाती दिल्यास कलम २९३ लागे आणि पहिल्या वेळची कैद तीन वर्षांपर्यंत जाई. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

दिल्लीतल्या गायकावर नागपुरात गुन्हा कसा, असा प्रश्न पडू शकतो. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७९ नुसार जिथे कृत्य घडले आणि जिथे त्याचा परिणाम झाला, अशा दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असे. इंटरनेटवरचे गाणे पाचपावलीत ऐकले गेले, तसेच ते नरखेड तालुक्यातील मोवाड किंवा जलालखेड्यातही ऐकले गेले असते. त्यामुळे एकाच गाण्यासाठी कलावंताला देशभरच्या ठाण्यांत उभे राहावे लागण्याची शक्यता उरते. इंटरनेटपूर्व काळातील कायद्याने ही अडचण कल्पिली नव्हती.

हनी सिंग यांना सत्र न्यायालयाकडून अटकपूर्व जामीन मिळाला. अशा जामिनासोबत न्यायालयाच्या परवानगीवाचून देश न सोडण्याची अट घालता येते. नोकरदार माणसाला ही अट फारशी जाणवत नाही. परदेशी कार्यक्रमांवर उत्पन्न अवलंबून असलेल्या गायकाला मात्र प्रत्येक दौऱ्याआधी अर्ज करावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी असाच अर्ज केला. नागपूरच्या न्यायालयाने परवानगी देताना त्यांना आवाजाचा नमुना देण्यासाठी पाचपावली ठाण्यात हजर राहण्यास सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते नागपुरात हजर झाले.

आवाजाचा नमुना हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. रॅपमध्ये गाणे मुद्रित होते, आवाजावर संस्कार होतात, कोणीतरी ते अनामिकपणे चढवते आणि नाव भलत्याचेही लागू शकते. आरोपी ‘हे माझे नाही’ म्हणत असेल, तर गाणे अश्लील आहे का, या प्रश्नाआधी ते कोणाचे, हे ठरवावे लागते. आरोपीला आवाजाचा नमुना देण्यास भाग पाडता येते का, यावर बराच काळ कायद्यात स्पष्ट तरतूद नव्हती. रितेश सिन्हा वि. उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१९ रोजी निर्णय दिला की दंडाधिकारी असा आदेश देऊ शकतात आणि त्याने संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग होत नाही. नागपूरचा आदेश या निर्णयानंतर अडीच वर्षांनी आला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आवाजाच्या नमुन्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

अश्लीलतेची कसोटी : ही कसोटी घडवण्यात मराठी लेखनाचा वाटा मोठा आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केली. समाजाच्या धारणा बदलत असतात आणि कथा समग्र वाचली पाहिजे, ही भूमिका तेथे मांडली गेली. अवीक सरकार प्रकरणात (२०१४) जुनी इंग्रजी ‘हिक्लिन’ कसोटी सोडून समकालीन समाजमान्यतेची कसोटी स्वीकारण्यात आली. वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या गांधीजींवरील कवितेच्या प्रकरणात (देविदास तुळजापूरकर वि. महाराष्ट्र राज्य, २०१५) मात्र इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी घातलेल्या भाषेला हीच कसोटी अधिक कडकपणे लावावी असे ठरले. मार्च २०२४ मध्ये अपूर्वा अरोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिवराळ भाषा आणि अश्लीलता या वेगळ्या गोष्टी असल्याचे सांगून एका वेबमालिकेविरुद्धचा गुन्हा रद्द केला. रॅपच्या दृष्टीने हा शेवटचा निर्णय सर्वांत उपयोगी आहे. रॅपमध्ये शिवी ही पुष्कळदा तालाची व रागाची गरज असते. स्त्रीच्या शरीरावर हक्क सांगणाऱ्या ओळीचे मोजमाप मात्र एवढ्याने होत नाही. त्यासाठी कायद्याने अजून वेगळी भाषा घडवलेली नाही.

खंड : २०१४ नंतर हनी सिंग जाहीर कार्यक्रमांतून जवळजवळ दिसेनासे झाले. त्याचे कारण खटले असल्याचा समज रूढ असला, तरी आपल्याला बायपोलर विकार झाल्याचे व उपचार चालू असल्याचे त्यांनी २०१६ मध्ये स्वतः सांगितले. त्यांच्या दीर्घ अनुपस्थितीमागे आजारपण हेच मुख्य कारण मानणे योग्य.

अन्य प्रकरणे : ‘मखना’ (२०१८) या गाण्यावरून पंजाबच्या महिला आयोगाच्या तक्रारीनंतर मोहालीत गुन्हा दाखल झाला. पत्नीने २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयात केलेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीनंतर तडजोड होऊन २०२३ मध्ये घटस्फोट झाला.

पुनरागमन : ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ग्लोरी’ हा संग्रह आला, त्यातील ‘मिलियनेअर’ या गाण्यावरून दौऱ्याचे नाव ठरले. २० डिसेंबर २०२४ रोजी मोझेझ सिंग दिग्दर्शित, त्यांच्यावरील माहितीपट नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला आणि जानेवारीत तिकीटविक्री सुरू झाली. दौरा २२ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईत सुरू होऊन एप्रिलच्या सुरुवातीला कोलकात्यात संपला. मधली शहरे लखनौ, दिल्ली, इंदूर, पुणे, अहमदाबाद, बंगळुरू, चंडीगड आणि जयपूर. इंदूरला महापालिकेने मनोरंजन कराच्या थकबाकीवरून आयोजकांची ध्वनियंत्रणा जप्त केली. मार्च २०२५ मध्येच ‘मॅनिअॅक’ या नव्या गाण्याविरुद्ध अभिनेत्री नीतू चंद्रा यांनी पाटणा उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. म्हणजे मंच परत मिळाला, तेव्हाही आक्षेप थांबले नव्हते. आजारातून उठून हजारो श्रोत्यांसमोर पुन्हा उभे राहणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तिकिटे संपली म्हणजे गाण्यांवरील प्रश्नाचे उत्तर मिळाले, असा अर्थ काढणे चूक ठरेल.

नरखेड तालुका : दौऱ्याच्या दहा शहरांच्या यादीत नागपूर नव्हते. नागपूर जिल्ह्यातील नरखेडच्या श्रोत्याला पुण्यापेक्षा इंदूर जवळ. पांढुर्णा, मुलताई, बैतूल ओलांडून जाणारा रस्ता त्याच्या सवयीचा. नागपुरात मोठ्या गायकांचे कार्यक्रम बव्हंशी ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर, खासदार सांस्कृतिक महोत्सवात होतात आणि नरखेड, काटोलकडची संत्राउत्पादक कुटुंबे तेथे जातात. तालुक्यात मोठ्या मंचाची सोय नाही.

महाराष्ट्रातील तुलनीय प्रकरणे : एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या मराठी रॅपरांवर राजकीय आशयाच्या गाण्यांमुळे गुन्हे दाखल झाले. त्यांमागे अश्लीलतेपेक्षा सत्ताधाऱ्यांवरील टीका हे कारण होते, म्हणून ती प्रकरणे वेगळ्या वर्गात मोडतात.

विद्यमान कायदा : १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे २९४ व २९५ लागू आहेत. कलम २९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील आशयाचा प्रथमच नाव घेऊन समावेश झाला असून पहिल्या दोषसिद्धीच्या दंडाची मर्यादा पाच हजार रुपये करण्यात आली आहे. त्याआधी घडलेल्या कृत्यांना जुनीच दंड संहिता लागू राहते.