वार्धक्याचा आधार आणि राज्याची तिजोरी

दिनांक १ जानेवारी १९०९ रोजी ब्रिटनमधील पोस्टकचेऱ्यांत एक नवे व्यवहार सुरू झाले. सत्तरी ओलांडलेले स्त्रीपुरुष तेथे येऊ लागले, ते पत्रे टाकण्यासाठी नव्हे, तर सरकारकडून दर आठवड्यास मिळावयाचे पाच शिलिंग घेण्यासाठी. रक्कम अल्प होती; परंतु ती देण्याची रीत नवी होती, आणि त्या रीतीतच या घटनेचे महत्त्व आहे.

तोपर्यंत निराधार वृद्धाला १८३४ च्या दारिद्र्यविषयक कायद्याखाली स्थानिक मंडळापुढे हात पसरावा लागे. पुष्कळदा ‘वर्कहाऊस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आश्रयगृहाचा उंबरठा ओलांडणे भाग पडे. तेथे अन्न मिळे, पण प्रतिष्ठा जाई. चार्ल्स बूथ यांनी गरिबांच्या स्थितीची पाहणी करून दाखवून दिले की, म्हातारपणीचे दारिद्र्य हे बहुधा आळसाचे फळ नसते. आयुष्यभर राबूनही मजुरीतून शिल्लक पडत नाही, हे त्याचे खरे कारण होय. म्हणून वृद्धांना सरकारी तिजोरीतून वेतन द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला.

१९०८ च्या कायद्याने हा विचार अंशतः स्वीकारला. उत्पन्नाची मर्यादा कडक होती, आणि ज्यांना जुन्या कायद्याखाली मदत मिळत होती त्यांना आरंभी वगळण्यात आले होते. तथापि दोन गोष्टी निश्चित झाल्या. पैसा स्थानिक मंडळाच्या मर्जीवर न राहता राष्ट्राच्या तिजोरीतून येऊ लागला. आणि पात्र व्यक्तीला तो कायद्याने मिळू लागला.

खर्च ठरला, पण तो भागवावयाचा कसा? अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०९ च्या अंदाजपत्रकात, नौदलाचा वाढता खर्च आणि हे वृद्धवेतन यांसाठी, जमीनदार व धनिक यांवर नवे कर सुचविले. नोव्हेंबरमध्ये उमरावांच्या सभागृहाने ते अंदाजपत्रक फेटाळले. १९१० साली दोन निवडणुका झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने आर्थिक विधेयके अडवून धरण्याचा उमरावांचा अधिकार संपला. वृद्धांची तरतूद टिकवावयाची तर केवळ सद्भावना पुरत नाही, उत्पन्नाची बाजूही बांधावी लागते, हा धडा त्या झगड्याने दिला.

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यातील सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. परंतु तो राज्याच्या आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत, आणि मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्यामुळे न्यायालयामार्फत बजावून घेता न येणारा. उत्तर प्रदेशाने १९५७ साली वृद्धवेतन सुरू केले. केंद्राची योजना मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. पासष्ट वर्षांवरील निराधारांना तीत दरमहा ७५ रुपये मिळत. पुढे २००२ च्या सुमारास ती राज्यांच्या नियोजनाकडे गेली आणि २०१४ मध्ये पुन्हा केंद्रपुरस्कृत झाली. दरम्यान, २०११ साली वयाची अट साठ वर्षांवर आली. परंतु साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा दरमहा वाटा २००७ साली २०० रुपये होता, तो २०२४ सालीही २०० रुपयेच होता. अनेक राज्ये आपली भर घालतात. त्यामुळे एकाच वयाच्या दोन दरिद्री माणसांचा आधार ते कोणत्या राज्यात राहतात यावर ठरतो.

निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्याच्या वेतनाला महागाईचा हिशेब वर्षातून दोनदा लावला जातो, आणि ते योग्यच आहे. शेतावर किंवा परक्याच्या घरी आयुष्यभर राबलेल्या वृद्धेला मात्र तो हिशेब लागू नाही. धान्याचे भाव दोघांना सारखेच असतात. १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा पुनर्विचार करून ते अधिक वास्तववादी करावे, असे केंद्र सरकारला सांगितले.

तेव्हा प्रश्न रक्कम वाढविण्याचा आहेच; पण तेवढाच नाही. ती रक्कम कायद्याने ठरलेली, भावांशी जोडलेली आणि नेमलेल्या तारखेला पोचणारी असली पाहिजे. ज्याच्या हाती थोडेच दिवस उरले आहेत, त्याला पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहावयास सांगणे हा न्याय नव्हे.