पायदळी वाढणारा माठ

आपल्या माठाचा आणि तांदुळज्याचा एक रानटी भाऊबंद आहे, अमरँथस डिफ्लेक्सस. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अर्जेंटिना आणि आसपासच्या समशीतोष्ण भागातला. आज भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत, कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात तो फरसबंदीच्या फटीफटींत दिसतो. लिनियसने 1771 साली स्वीडनमध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा तो युरोपचाच असावा, असं कुणी म्हणेल. प्राचीन ग्रीक लोक रानमाठाची भाजी खात, हा पुरावाही पुढे येईल. पण त्यांचा माठ बहुधा अमरँथस ब्लिटम, म्हणजे वेगळी जात. डिफ्लेक्सस युरोपात सापडतो तो बंदरांत, रस्त्यांच्या कडेला, रुळांजवळ, द्राक्षमळ्यांत. माणसाने उकरलेल्या किंवा तुडवलेल्या जमिनीवर. ही पाहुण्याची लक्षणं आहेत. शिवाय 1516 साली स्पॅनिश जहाजं ला प्लाता नदीच्या मुखाशी पोचली होती. त्यानंतर या झाडाला नाव मिळेपर्यंत अडीचशे वर्षं गेली. त्याच्या येण्याची नोंद नाही, हा आक्षेप मला दुबळा वाटतो. जहाजाच्या तळाशी वजनासाठी भरलेल्या मातीत काय उगवेल, याची नोंद कोणता व्यापारी ठेवणार? फ्रान्समध्ये माँपेल्येजवळच्या पोर्ट ज्युवेनालला परदेशी लोकर धुऊन वाळत घालत. तिच्यातून गळलेल्या बियांपासून इतक्या परक्या वनस्पती उगवल्या, की 1853 साली वनस्पतिशास्त्रज्ञ गोद्रोंने त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. बिया व्यापारासोबत अशाच, कुणी न बोलावता, जात असत.

पक्षी आणि पाणीही बी पसरवतात, हे खरंच. पण त्यांनी अटलांटिक ओलांडून नेमकी बंदरंच का गाठावीत? आणि नुसतं पोचून भागत नाही, टिकावंही लागतं. इथे या झाडाची ठेवण कामी आली. खोड जमिनीलगत पसरतं, फक्त शेंडे वर उचललेले. खाली जाडसर सोटमूळ. वरचं खुडलं तरी खालून पुन्हा फुटणारं. हिरवट, किंचित फुगीर फळ जेमतेम 2-3 मिलिमीटरचं. पिकलं तरी उकलत नाही, काळं बी पोटात घेऊनच गळतं. उत्तर अमेरिकेतला उंच अमरँथस रेट्रोफ्लेक्सस याहून कितीतरी दूरवर पसरला, मग बुटकेपणाचं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. तो पसरला नांगरलेल्या शेतांत, दर हंगामाला नव्याने उगवून. रोज पाय पडणाऱ्या फरशीच्या फटीत उंच झाड मोडतं. डिफ्लेक्सस तिथे त्याच मुळावर पुन्हा फुटत राहतो.