बालशुश्रूषा, असाध्य रोगांतील
बऱ्या न होणाऱ्या रोगाने ग्रस्त बालकांची शुश्रूषा व त्यांच्या कुटुंबीयांस दिलेला आधार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत आईबापांच्या भेटीवर कडक निर्बंध असत व ते पाळले जातील हे परिचारिकाच पाहत. प्लॅट समितीने १९५९ मध्ये मुक्त भेटींची शिफारस केली. अमेरिकेत १९७०–८० या दशकात मिनेसोटा विद्यापीठातील परिचारिका आयडा मार्टिनसन यांनी कर्करोगाने मरणासन्न झालेल्या बालकांसाठी गृहशुश्रूषेची योजना राबविली. तीत आईबाप स्वतः शुश्रूषा करीत, परिचारिका त्यांना ती शिकवून अहोरात्र साहाय्यास तत्पर असे, तर डॉक्टर सल्लागार असत. परिचारिका असलेल्या सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका यांनी १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे ‘हेलन हाउस’ हा बालकांचा शुश्रूषाश्रम स्थापन केला. अखेरच्या दिवसांत मूल कोठे व कोणाजवळ असावे, हे ठरविण्याचा कुटुंबाचा अधिकार अशा प्रयत्नांतून मान्यता पावू लागला.