बेंगळुरू, संसद आणि लोकमत : १९७५ ते १९८०

प्रस्तावना

संसदेविषयी लोकांना काय वाटते, हे जाणून घेण्याची दोन साधने आपल्या परिचयाची आहेत : मतदानाची टक्केवारी आणि जनमत चाचणी. ही साधने लोकमत मोजतात. ते कसे तयार होते, याबद्दल मात्र फारसे सांगत नाहीत. सभागृहात काय घडले हे नागरिकाला कळलेच नाही, तर त्याचे मत कशावर उभे राहणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण बेंगळुरू शहराशी, म्हणजे त्या काळच्या बंगलोरशी, जोडलेल्या पाच वर्षांतील घटना पाहू. संसदेचे सदस्य येथे अटकेत होते, या शहराने निवडलेला खासदार लोकसभेचा अध्यक्ष झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत याच राज्यातून निवडून आलेल्या सदस्येला सभागृहाने बाहेर काढले. संसद आणि नागरिक यांच्यातील संबंध या घटनांतून स्पष्ट होतात.

समितीच्या बैठकीसाठी आलेले खासदार

जून १९७५ च्या अखेरीस काही खासदार बंगलोरला आले होते. पक्षांतराला आळा घालणारे घटनादुरुस्ती विधेयक १९७३ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे विचारार्थ होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते यांना बंगलोरमध्ये अटक झाली. संसदीय कामासाठी आलेले सदस्य येथील मध्यवर्ती कारागृहात पोहोचले.

यांपैकी दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९७१ मध्ये ते कोकणातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. त्यांची पत्नी प्रमिला दंडवते यांनाही अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा कारागृहात ठेवण्यात आले. दोन तुरुंगांमधून चाललेला या पतिपत्नींचा पत्रव्यवहार आणीबाणीच्या आठवणींचा भाग झाला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. खासदार स्थानबद्ध होतो तेव्हा त्याच्या मतदारसंघाचा सभागृहातील आवाजही बंद होतो. घटनादुरुस्त्यांवर मतदान होत असताना राजापूरच्या मतदारांचा प्रतिनिधी बंदिवासात होता.

या नेत्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात स्थानबद्धतेला आव्हान दिले. आणीबाणीत अशा याचिका ऐकता येतात का, हा प्रश्न निरनिराळ्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने उत्तर आले : नाही. एकटे न्या. ह. रा. खन्ना यांनी भिन्न मत नोंदवले. न्यायालयाचा मार्ग असा बंद झाला. उरला तो लोकमताचा मार्ग. पण त्यासाठी लोकांना माहिती मिळणे आवश्यक होते.

सभागृहातील शब्द बाहेर जाऊ न देणे

संसदेत सदस्य काहीही बोलला तरी त्याच्यावर खटला भरता येत नाही. हे संरक्षण घटनेच्या कलम १०५ मध्ये आहे. ते बोलणे वृत्तपत्रात छापणाऱ्याला मात्र तसे संरक्षण नव्हते. ही उणीव फिरोज गांधी यांनी खासगी विधेयकाद्वारे दूर केली. १९५६ च्या या कायद्याने संसदेच्या कामकाजाचे खरे वृत्त सद्‌भावनेने छापणाऱ्यांना संरक्षण मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीचे, म्हणजे मुंदडा प्रकरण लोकसभेत मांडले. त्याची चौकशी न्या. मु. क. छागला यांनी मुंबईत जाहीरपणे केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले. सभागृहातील भाषण, वृत्तपत्र आणि जागरूक वाचक हे तिन्ही एकत्र आले की काय होते, हे तेव्हा दिसले.

आणीबाणीत हीच साखळी तोडण्यात आली. जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. विरोधी सदस्यांची भाषणे छापण्यावर सेन्सॉरचे निर्बंध आले. डिसेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून १९५६ चा तो कायदाही रद्द केला गेला आणि नंतर संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. संसदेची अधिवेशने सुरूच होती, विधेयके मंजूर होत होती. पण नागरिकांपर्यंत पोहोचत होती ती मुख्यतः सरकारची बाजू.

विरोध पूर्णपणे थांबला मात्र नाही. मिनू मसानी यांच्या मासिकातील मजकुरावर सेन्सॉरने बंदी घातली, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारवर योग्य मार्गाने टीका करण्याचा हक्क आणीबाणीतही उरतो, असा निर्णय फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांना मिळाला. बंगलोरमध्ये मात्र याच काळाची किंमत स्नेहलता रेड्डी या नाट्य-चित्रपट अभिनेत्रीने मोजली. मध्यवर्ती कारागृहात त्यांचा दमा बळावला आणि पॅरोलवर सुटल्यानंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ रोजी, त्यांचा मृत्यू झाला.

मुदत कोणाची?

पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणीत ती एका वेळी एक वर्ष वाढवण्याची तरतूद घटनेत होती. तिचा आधार घेऊन ही मुदत दोनदा वाढवण्यात आली. शिवाय ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभेचा कार्यकालच पाचऐवजी सहा वर्षांचा केला. कायद्याच्या चौकटीत हे बसत होते. पण मतदारांनी दिलेला कौल पाच वर्षांचा होता. तो लांबवण्याचा अधिकार प्रतिनिधींना असावा का, हा प्रश्न उरलाच. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधील बांका येथून निवडून आलेले मधु लिमये तेव्हा कैदेत होते. मुदतवाढीच्या निषेधार्थ त्यांनी व शरद यादव यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ज्या मुदतीसाठी लोकांनी निवडले ती संपली की आपला अधिकारही संपतो, ही त्यामागची भूमिका होती.

१९७७ : एकच संसद, वेगवेगळी मते

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकीची घोषणा झाली आणि मार्चमध्ये मतदान झाले. १९७१ मध्ये सुमारे ५५ टक्के असलेले मतदान आता ६० टक्क्यांवर गेले. केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले. कर्नाटकात मात्र काँग्रेसने २८ पैकी २६ जागा जिंकल्या. उरलेल्या दोन जागांपैकी एक हासन आणि दुसरी बंगलोर दक्षिण.

बंगलोर दक्षिणमधून निवडून आले न्या. कौडूर सदानंद हेगडे. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येणार नाही, असे म्हणणाऱ्या बहुमतात ते होते. त्या निकालानंतर सरन्यायाधीश नेमताना तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलण्यात आले; त्यांपैकी एक असलेल्या हेगडे यांनी राजीनामा दिला होता. संसदेच्या अधिकाराला मर्यादा आहे असे सांगणाऱ्या न्यायाधीशाला मतदारांनी संसदेतच पाठवले, आणि जुलै १९७७ मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले.

मग उरलेल्या कर्नाटकाला आणीबाणी मान्य होती असे म्हणायचे का? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात १९७४ मध्ये कूळकायद्यात मोठी सुधारणा झाली होती आणि मागासवर्गीयांना सत्तेत वाटा मिळू लागला होता. उत्तर भारतातील सक्तीच्या नसबंदीची झळ दक्षिणेत तुलनेने कमी बसली. जमीन मिळालेल्या कुळाचे मत आणि शहरातील वाचकाचे मत वेगळ्या अनुभवांतून बनले होते. मतपेटीत एकच चिठ्ठी पडते; तिच्यामागची कारणे अनेक असतात. म्हणून निवडणुकीच्या निकालाकडे संसदेविषयीचे थेट मत म्हणून पाहताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे.

चिकमगळूर आणि सभागृहाचा अधिकार

नोव्हेंबर १९७८ मध्ये चिकमगळूरची पोटनिवडणूक झाली. इंदिरा गांधी यांनी वीरेंद्र पाटील यांचा ७७ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबरला, लोकसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द केले आणि अधिवेशन संपेपर्यंत त्यांना कारावासात पाठवले. आरोप विशेषाधिकारभंगाचा होता. मारुती कंपनीसंबंधी संसदेत विचारलेल्या प्रश्नासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास देण्यात आला, असे विशेषाधिकार समितीला आढळले होते.

आरोप गंभीर होता, कारण प्रश्नाला खरे उत्तर मिळणे हा संसदीय लोकशाहीचा पाया आहे. पण नुकताच मतदारांनी दिलेला कौल सभागृहाने बहुमताने पुसून टाकावा का? जानेवारी १९८० मध्ये देशाने इंदिरा गांधींना मोठ्या बहुमताने परत आणले आणि मे १९८१ मध्ये नव्या लोकसभेने तो जुना निर्णय रद्द केला. बंगलोर दक्षिणने मात्र १९८० मध्येही जनता पक्षाचेच टी. आर. शामण्णा यांना निवडले. कर्नाटकातील इतर सर्व २७ जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या.

काय टिकले?

या संघर्षातून दोन गोष्टी घटनेत आल्या. ४४व्या दुरुस्तीने लोकसभेचा कार्यकाल पुन्हा पाच वर्षांचा केला आणि कलम ३६१-क समाविष्ट केले. सद्‌भावनेने दिलेल्या संसदेच्या खऱ्या वृत्ताला आता घटनेचेच संरक्षण आहे. साधा कायदा वटहुकमाने रद्द होऊ शकतो, हा १९७५ चा धडा त्यामागे होता. ज्या पक्षांतराच्या विधेयकाच्या कामासाठी ते खासदार बंगलोरला आले होते, ते पाचव्या लोकसभेबरोबरच बारगळले. पक्षांतरबंदी आली ती १९८५ मध्ये, ५२व्या दुरुस्तीने.

आज संसदेचे कामकाज घरबसल्या पाहता येते. तरीही २०२४ मध्ये बंगलोर दक्षिणमध्ये मतदान सुमारे ५३ टक्के झाले. देशात ते ६६ टक्क्यांच्या आसपास होते. याला केवळ उदासीनता म्हणणे योग्य नाही. शहरात लोक वारंवार घरे बदलतात, मतदार याद्या मागे पडतात. पण माहिती उपलब्ध असणे म्हणजे सहभाग नव्हे, हेही तितकेच खरे. आपल्या खासदाराने कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर तो बोलला, हे पाहण्याची आणि त्याला त्याबद्दल विचारण्याची मोकळीक एके काळी काढून घेतली गेली होती. ती वापरणे हे नागरिकाचे काम आहे.

विचारासाठी प्रश्न

१. संसदेचे वृत्त छापण्याचे स्वातंत्र्य आणि लोकमत यांचा संबंध १९५६ व १९७५ या दोन वर्षांतील घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
२. १९७७ मध्ये कर्नाटकाचा निकाल उत्तर भारतापेक्षा वेगळा का लागला?
३. निवडून आलेल्या सदस्याचे सदस्यत्व रद्द करण्याचा अधिकार सभागृहाकडे असावा का? चिकमगळूरचे उदाहरण घेऊन दोन्ही बाजू मांडा.