मिनीच्या कुळातला शेंदूर

मिनी बस, मिनी स्कर्ट, जिल्हा परिषदेचं मिनी मंत्रालय. 'मिनी' म्हणजे लहान हे आपण धरूनच चालतो. पण हा शब्द लहानपणाच्या घराण्यातला नाही. तो शेंदराच्या घराण्यातला आहे.

लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे आधी हिंगूळ. स्पेनमधल्या खाणींतून तो रोमला येई. महाग माल, म्हणून त्यात शेंदूर मिसळत. पहिल्या शतकातला प्लिनी या भेसळीवर लिहितो आणि शेंदराला दुय्यम मिनियम म्हणतो. पुढे नाव या स्वस्त मालालाच चिकटलं. सणावाराला रोममधल्या ज्युपिटरच्या मूर्तीचं तोंड मिनियमने रंगवत, हेही त्याचंच सांगणं. हे वाचताना मला तर आपला शेंदूर माखलेला मारुतीच दिसला.

मध्ययुगातले युरोपी लेखनिक अध्यायाचं पहिलं अक्षर, मथळा शेंदराने काढत. त्या कामाला 'मिनियारे' म्हणत. त्यावरून इटालियन 'मिनियातुरा' म्हणजे पोथीतलं चित्र आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी 'मिनिएचर'.

मग यात लहानपण शिरलं कुठून? पोथीचं पानच लहान, म्हणून चित्रं लहान, म्हणून शब्दाचा अर्थ लहान, असं एक उत्तर नेहमी मिळतं. मला ते अपुरं वाटतं. इंग्लंडात याच चित्रांना 'लिम्निंग' हा जुना शब्द होता. निकोलस हिलियर्ड तळहातावर मावतील अशी व्यक्तिचित्रं काढायचा, आणि या कलेवरच्या त्याच्या ग्रंथाच्या नावातही 'लिम्निंग'च आहे. चित्रं तीच, आकार तोच. नुसत्या आकाराने अर्थ बदलत असता तर 'लिम्निंग'चाही अर्थ 'लहान' झाला असता. तो झाला नाही, कारण त्याच्या शेजारी मायनर, मिनिमम, मिनिट अशी लहानपणाची भावकी नव्हती. 'मिनिएचर'च्या शेजारी ती होती, आणि कानाने नातं जोडून टाकलं. सतराव्या शतकातल्या फ्रेंचांनीही असंच केलं. ते हा शब्द 'मिन्यों', म्हणजे गोजिरवाणा, या शब्दाच्या वळणावर 'मिन्यात्यूर' असा लिहू लागले. आकाराने वाट मोकळी केली असेल, पण अर्थ ओढून आणला तो उच्चाराने.

विसाव्या शतकात 'मिनिएचर' छाटून 'मिनी' उरला. त्यावर 'मिनिमम'चीही सावली पडली आहे, हे कोशकारांचं म्हणणं मला मान्य आहे. पण खोड 'मिनिएचर'चंच. 1959 साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिसने आखलेली जेमतेम 10 फूट लांबीची गाडी बाजारात आणली. तिचं एक नाव 'मॉरिस मिनी-मायनर'. कंपनीची 'मॉरिस मायनर' 1948 पासून रस्त्यावर होतीच, तिचीच ही धाकटी. या एका नावात दोन्ही कुळं शेजारीशेजारी बसली आहेत: 'मायनर' जातिवंत लहान, आणि 'मिनी' शेंदरातून आलेला. लंडनच्या मेरी क्वांटने पुढे आखूड स्कर्टला 'मिनी' म्हटलं, ते आपल्या या आवडत्या गाडीवरूनच.